तेहतीस कॉब्लरचं वाण आणि सरळगावची करवंदं

मे महिन्याच्या अखेरीला, रणरणत्या उन्हात मुरबाडकडे जाऊन शेकोटी पेटवू या, असं कुणी सुचवलं तर त्याला ताक पाजून पंख्याखाली झोपवावं, हे माझं मत आजही कायम आहे. तरी आम्ही गेलो. कारण सुचवणारा जावई होता आणि महिना अधिक होता. अधिक महिन्यात जावयाला नाही म्हणायचं नसतं, असं माझ्या नणंदेने, म्हणजे मालूताईंनी, फोनवरून बजावलं. तीन वर्षांतून एकदा हा महिना येतो आणि त्यात जावयाला नारायण मानून तेहतीस अनारशांचं वाण देतात, हे ज्यांच्या घरी जावई आहे त्यांना सांगायला नको. ज्यांच्या घरी नाही त्यांनी हुश्श करून पुढे वाचावं.

आमचा नारायण अमेरिकेतल्या ओरेगनचा आहे. नाव नेथन. तीन वर्षांपूर्वी आमच्या ऋचाने तिकडेच त्याच्याशी नोंदणी लग्न केलं तेव्हा आम्ही गेलो नाही. व्हिसाची तारीख मिळत नाही, असं कळवलं. खरं म्हणजे मी अर्जच केला नव्हता. मला तो नको होता. का, असं विचाराल तर नीट सांगता येणार नाही. आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातला नव्हता, एवढंच हाती लागतं. त्यात पहिल्याच व्हिडिओ कॉलवर त्याने मला ‘हाय नीला’ म्हटलं. मला नुसतं नीला म्हणणारी माणसं आता जगात चार उरली आहेत आणि ती सगळी माझ्याहून मोठी आहेत.

गेल्या ऑक्टोबरात त्याचे वडील गेले. मी ऋचाला दोन ओळींचा मेसेज पाठवला आणि खाली जोडलेले हात टाकले. त्याला फोन केला नाही, त्याच्या आईलाही नाही. काय बोलायचं, कुठल्या भाषेत बोलायचं, उद्या करू, असं करता करता सात महिने गेले. आता तो पहिल्यांदाच घरी येणार होता. त्याच्याशी वडिलांबद्दल एक तरी शब्द बोलायचा, एवढं ठरवून मी या सहलीला निघाले होते. डोंगरदऱ्या वगैरे दुय्यम.

तर शेकोटीचं कारण. नेथनचे वडील दर वर्षी आपल्या वाढदिवसाला जंगलात तंबू ठोकायचे आणि निखाऱ्यांवर कॉब्लर करायचे. जाड लोखंडी भांडं, तळाशी फळं, वर पिठाचा थर, झाकणावर निखारे. ते गेल्यानंतरचा हा पहिला वाढदिवस, आणि तो नेमका नेथन आमच्याकडे असताना येत होता. मी ऋचाला म्हटलं, पिढीजात पाककृती असेल ना, वजनं-मापं पाठव, मी सामान आणून ठेवते. उत्तर आलं ते असं: फळांचा एक डबा, केकच्या पिठाचं एक पाकीट, लिंबाच्या सोड्याचा एक कॅन. डबे फोडा, भांड्यात ओता. आमच्याकडे याला पाककृती म्हणत नाहीत, पाहुणे अचानक आले म्हणतात. पण एक नियम होता आणि तो वडिलांनी कधी मोडला नव्हता. घरून काही न्यायचं नाही. तंबूच्या आधी रस्त्यात जे शेवटचं दुकान लागेल, तिथे मिळेल त्यातच करायचं.

आमच्या इमारतीच्या गच्चीवर सोसायटीला अर्ज दिल्याशिवाय पापडही वाळत घालता येत नाहीत, तिथे निखारे कोण घालू देणार? मालूताईंची सरळगावच्या पुढे अकरा गुंठे जागा आहे. दोन खोल्या, एक ओटा, सहा आंबे. डोंबिवलीत आयुष्य काढलेल्या माणसाला शेवटी मुरबाड रोडला काहीतरी घ्यावंसं वाटतंच, तशी ही घेतलेली. जागा मिळाली. भांडं मात्र ओरेगनला राहिलं, कारण ते एकटंच आठ किलोचं. मग नेथन आणि ऋचा जांभळी नाक्यावर जाऊन एक बिडाची कढई आणि झाकण म्हणून एक सपाट लोखंडी तवा घेऊन आले. दुकानदाराने त्याला तव्यावर भाकरी टाकायची रीत समजावली, ती त्याने मान डोलावत पूर्ण ऐकून घेतली.

शनिवारी सकाळी सातला नौपाड्यातून निघालो. गाडी सुधीर, माझा नवरा, चालवत होता. तुम्ही जाणार असाल तर साडेसहालाच निघा, कारण माजिवड्याच्या पुढे महामार्गाचं काम चालू आहे आणि ते आपल्या हयातीत संपेल असं धरून चालू नका. माणकोलीहून नव्या पुलावरून खाडी ओलांडली की डोंबिवली पश्चिम. पूर्वी याच डोंबिवलीला गाडीने जायचं म्हणजे शिळफाट्याचा फेरा आणि दीड तास. आता पुलावरून आठ मिनिटांत डोंबिवलीत आणि पुढे डोंबिवलीतून डोंबिवलीत जायला चाळीस मिनिटं. पुलावर नेथनने खाडीचे फोटो काढले. तिवरं बघून म्हणाला, छान हिरवं आहे. आम्ही चौघांनीही काचा वर ठेवल्या होत्या, म्हणून तो विषय तिथेच थांबला.

मालूताई इमारतीखाली पाच पिशव्यांसह उभ्या होत्या. चार डिकीत गेल्या. पाचवीत एक मोठा स्टीलचा डबा होता, तो त्यांनी मांडीवर घेतला आणि कल्याण, शहाड, वरप असा सगळा प्रवास एका हाताने त्याचं झाकण दाबून केला. काय आहे विचारलं तर म्हणाल्या, थोडं खाऊचं. मालूताईंच्या थोड्यात साधारण एक वऱ्हाड जेवतं, त्यामुळे कुणी पुढे चौकशी केली नाही. नेथनला त्यांनी पुढच्या सीटवर बसवलं. त्याला पाय लांब करायला जागा हवी, असं कारण सांगितलं. जावई मागे बसला तर लोक काय म्हणतील, हे खरं कारण होतं. रस्त्यावर ओळखीचं काळं कुत्रं नव्हतं तो भाग वेगळा.

वरपच्या पुढे एका टपरीवजा हॉटेलात वडा-उसळ खाल्ली. पाच माणसांचे चहासकट साडेतीनशे झाले. उसळ झणझणीत, नेथनच्या कानांचा रंग बदलला, पण त्याने प्लेट पुसून संपवली. मालूताईंनी हॉटेलवाल्याकडून त्याच्यासाठी साखर मागून घेतली आणि चमच्याने त्याच्या हातावर ठेवली. पस्तीस वर्षांचा सहाफुटी माणूस तळहातावरची साखर चाटत उभा असलेला बघून मला पहिल्यांदाच त्याच्याबद्दल थोडं बरं वाटलं. वडिलांचा विषय तिथे काढायचं मनात आलं होतं. मग वाटलं, तोंड पोळलेल्या माणसाशी काय बोलायचं.

रायत्याच्या पुलानंतर रस्ता मोकळा होतो. मुरबाड मागे पडलं की उजवीकडे डोंगर दिसू लागतात, मे महिन्यात ते भाजलेल्या वांग्याच्या रंगाचे असतात. सरळगावात ‘शेवटचं दुकान’ ठरवण्यावरून गाडीत मतभेद झाले, कारण सुधीरच्या मते पुढेही दुकान होतं. ते पुढचं दुकान खताचं निघालं, तेव्हा मागे वळलो. किराणावाल्याकडे मैदा, गूळ, लोणी, खायचा सोडा हे मिळालं. केकचं पाकीट नव्हतं. लिंबाच्या सोड्याच्या कॅनऐवजी गोटी सोडा होता, हिरव्या बाटलीतला. नेथनने बाटलीतली गोटी अंगठ्याने आत दाबली, फसकन आवाज झाला आणि तो इतका हसला की दुकानदाराने दुसरी बाटली फोडायला फुकट दिली.

फळांचं काम रस्त्याच्या कडेला झालं. दोन बायका पळसाच्या द्रोणांत करवंदं घेऊन बसल्या होत्या. तीस रुपयांना एक द्रोण. नेथनने एक तोंडात टाकलं, ओठांना चीक लागला, बिया चावल्या गेल्या, आणि तो बोटांना लागलेला जांभळा रंग बघत राहिला. ऋचाने विचारलं तेव्हा म्हणाला, बाबा जंगलात बेरी तोडायचे, त्यांचे दात दिवसभर असे जांभळे असायचे. त्याने सहा द्रोण घेतले. मालूताई मागच्या सीटवर डबा सावरत म्हणाल्या, एवढी करवंदं कोण खाणार?

जागेवर पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. राखणीला तिथे यमुनाबाई राहतात. त्यांनी पिठलं-भाकरी, कैरीचं तक्कू आणि तांदळाची खीर तयार ठेवली होती. जेवणं झाली, ओट्यावर सगळे लवंडले. चार वाजता नेथनने अंगणाच्या कोपऱ्यात पालापाचोळा झाडून जागा साफ केली आणि तीन दगड मांडले. यमुनाबाई बघत होत्या. त्यांनी ऋचाला विचारलं, “आवं, एवढ्या उनाचा जाळ कशाला?” ऋचाने वाढदिवसाचं सांगितलं. जावयाचा वाढदिवस समजून त्यांनी दोन बादल्या पाणी आणून ठेवलं आणि लाकडं काढून दिली.

आता मालूताईंनी काय केलं ते सांगते. त्यांनी ओट्यावर पाट मांडला, भोवती रांगोळीची रेघ ओढली, निरांजन लावलं आणि नेथनला हाक मारली. तो हात धुऊन आला. त्याला टोपी घातली, ओवाळलं. मग मांडीवरून डोंबिवलीहून आणलेला तो डबा उघडला. आत तेहतीस कॉब्लर होते. वाटीएवढे, गोल, एकसारखे. ते त्यांनी चांदीच्या ताटात अनारशांसारखे रचले.

झालं होतं असं की ऋचाने पाठवलेला फोटो बघून मालूताईंनी पंधरा दिवस घरच्या ओव्हनमध्ये प्रयोग केले होते. मैद्यात रवा आला, कारण मैदा बाधतो. लोण्याच्या जागी साजूक तूप, दालचिनीऐवजी वेलची-जायफळ, फळ म्हणून हापूसचा रस, आणि वर केशर, कारण जावई. वाणाला पदार्थ जाळीदार लागतो, तर सोडा वाढवून जाळीही आणली होती. तिसऱ्या प्रयोगानंतर ती वस्तू कॉब्लरपासून जितकी लांब गेली होती, तितकं ओरेगन डोंबिवलीपासून लांब नसेल. पण सुंदर झाली होती, हे कबूल केलंच पाहिजे.

“हे घे बाबा,” मालूताई म्हणाल्या. “झाला तुझा कॉब्लर. आता उन्हातान्हात चुलीपुढे बसायला नको. आमच्याकडे जावयाने हात काळे करायचे नसतात.”

ऋचाने इंग्रजीत सांगितलं. नेथनने ताटाकडे पाहिलं. मग दगडांकडे. मग ताट दोन्ही हातांनी घेतलं, “थँक यू, आत्या” म्हणाला, दोन खाल्ले, तिसराही खाल्ला, वेलचीची तारीफ केली. मालूताईंचे डोळे भरून आले. सुधीरने फोटो काढले. सगळं इतकं छान चाललं होतं की काही चुकलंय हे कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. थोड्या वेळाने तो उठला, करवंदांची पिशवी उचलून आपल्या बॅगेत तळाशी ठेवली आणि बिडाची कढई पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळायला लागला. दुकानदाराने गुंडाळली होती तशीच, कोपरे दुमडून.

मी ऋचाकडे गेले. ती हळूच म्हणाली, “जाऊ दे आई. आत्याने केवढं केलंय. तो म्हणतोय, पुढच्या वर्षी घरी करू.”

मला मालूताईंचा राग आला, आणि तो आल्याआल्या माझ्यावरच उलटला. त्यांनी निदान पंधरा दिवस त्याच्यासाठी ओव्हनपुढे घाम गाळला होता. मी सात महिन्यांत एक फोन लावला नव्हता. त्या माणसाला जे करायचं होतं ते आम्ही दोघींनी मिळून होऊ दिलं नव्हतं. त्यांनी तेहतीस वेळा करून, मी एकदाही न करून.

मी जाऊन नेथनशेजारी ओट्यावर बसले. माझं इंग्रजी बँकेतलं आहे. त्यात ‘कृपया सही करा’ उत्तम येतं, बाकी अवघड. पण विचारलं, “तुझे बाबा हे कसं करायचे? मला सांगशील?”

त्याचे हात थांबले. तो सांगायला लागला. वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे. वर्षातले बहुतेक दिवस रस्त्यावर. घरी यायचे ते झोपायला. फक्त त्या एका दिवशी कॉब्लर निखाऱ्यांवर ठेवला की चाळीस मिनिटं झाकण उघडायचं नाही, आणि कुणी जागचं उठायचंही नाही, असा त्यांचा कायदा होता. “चव काही खास नसायची,” तो म्हणाला. “पण ती चाळीस मिनिटं ते माझ्याजवळ बसलेले असायचे.”

मी म्हटलं, “ते गेले तेव्हा मी तुला फोन करायला हवा होता. केला नाही. माझं चुकलं.”

त्याने असू दे, चालायचंच, असं काही म्हटलं नाही. मान हलवली आणि म्हणाला, “ऋचा तुझ्या फोनची वाट बघत होती. मी पण.” हे ऐकणं सोपं नव्हतं. पण खरं बोलला, आणि तोंडावर बोलला, म्हणून मला तो त्या क्षणी आवडला.

मग मी मालूताईंपुढे जाऊन उभी राहिले. त्यांच्याशी मी पस्तीस वर्षं वाद घातलेला नाही. घालून उपयोग नसतो. म्हटलं, “ताई, जावयाचं वाण पोचलं. वडिलांचं राहिलंय. आज त्यांचा दिवस आहे. ते मुलानेच करायचं असतं ना?”

मालूताई डब्याचं झाकण लावत होत्या, त्या थांबल्या. वाढदिवस, कॅम्प, कॉब्लर हे सगळं त्यांनी आजवर पिकनिकच्या खात्यात टाकलं होतं. गेलेल्या बापाचं मुलाने करायचं, त्यात दुसऱ्याने हात घालायचा नाही, हे मात्र त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“मग हे आधी बोलायला काय झालं होतं तुम्हाला?” त्या म्हणाल्या. “मी मेली बसले ओव्हनपुढे.” आणि पदर खोचून अंगणात उतरल्या. “सुधीर, लाकडं. ऋचा, त्याला म्हणावं कढई काढ.”

पुढचा तासभर त्या दोन्ही हात पाठीमागे धरून उभ्या राहिल्या. हात मोकळे ठेवले असते तर ते पिठात गेलेच असते, हे त्यांना माहीत होतं. नेथनने करवंदं मिठाच्या पाण्यात घालून चीक काढला. ही युक्ती यमुनाबाईंची. तळाशी लोणी, त्यावर करवंदं आणि गूळ, वर मैदा आणि गोटी सोड्याचं सरसरीत पीठ. तव्याचं झाकण. निखारे खाली कमी, वर जास्त. ते बघून मालूताईंनी एकदाच तोंड उघडलं. त्यांची आई कोकणात काकडीचा गोड केक असाच वर-खाली विस्तव ठेवून करायची, एवढं सांगितलं आणि गप्प बसल्या. मग सगळेच बसलो. दगडांवर, ओट्याच्या पायरीवर, यमुनाबाई मातीतच. उन्हं उतरायला लागली होती तरी घामाच्या धारा चालू होत्या, शिवाय समोर जाळ. चाळीस मिनिटं कुणी उठलं नाही, फोन पाहिला नाही. मालूताई चाळीस मिनिटं बोलल्या नाहीत, हे डोंबिवलीत कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

झाकण काढल्यावर जे दिसलं त्याचं वर्णन प्रामाणिकपणे करते. तळ कोळसा, कडा कच्च्या, मधे एक वीतभर भाग जांभळा, रटरटणारा आणि खाण्यालायक. बिया दातांत येत होत्या. चव आंबटगोड, थोडी धुरकट, आणि सोड्यामुळे जिभेवर किंचित चुरचुर. मालूताईंनी पहिला घास पळसाच्या पानावर काढून कुंपणाच्या भिंतीवर ठेवायला लावला. कावळा आला नाही. एक खार आली आणि तिने तो पळवला. मालूताईंनी थोडा विचार केला आणि खार चालवून घेतली. नेथन जळलेला तळ खरवडून खात होता आणि रडत होता, दोन्ही एकदम. ऋचा त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. मी त्याला पाण्याचा तांब्या दिला.

साडेसातला परत निघालो. शहाडच्या पुलावर अर्धा तास अडकलो, तो तुम्हीही अडकाल. तुम्हाला करायचंच असेल तर थोडक्यात: करवंदं मेअखेरपर्यंतच मिळतात, मैद्यात थोडा रवा घालायला हरकत नाही (हे मालूताईंचं बरोबर होतं), आणि मोकळ्या माळावर जाळ करू नका, गवत वाळलेलं असतं. उरलेले तीस कॉब्लर आमच्या इमारतीत वाटले. वॉचमनने दोनदा घेतले.

काय उरलं, म्हणाल तर तळ काळा झालेली एक कढई आहे. ती ऋचाने इथेच ठेवली. तिच्यात मी भाजी करते, बरी होते. पण खरं उरलं होतं ते एक काम, आणि ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी केलं. नेथनच्या आईला, कॅरलला, फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. सात महिने जे वाक्य जुळवत होते ते मला आयत्या वेळी आठवलं नाही. मी म्हटलं, मी नीला, मला खूप उशीर झाला, मला फार वाईट वाटलं.

नेथनकडून तिला कालचं कळलं होतं. तिने करवंदांबद्दल विचारलं. मी जमेल तसं सांगितलं, चिकासकट, खारीसकट. ती हसली. मग म्हणाली, ती गॅरेज आवरतेय. नवऱ्याचे तंबू, दोर, कंदील, सगळं कुणाकुणाला देऊन झालं. दोन फोल्डिंग खुर्च्या तेवढ्या राहिल्यात, नव्याकोऱ्या, किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नाही. ऋचा-नेथनच्या लग्नाच्या वर्षी त्याने आणल्या होत्या. भारतातली माणसं व्हिसा मिळाला की येतील, त्यांना आपल्यासारखं ओंडक्यावर कसं बसवायचं, असं म्हणाला होता. दर वर्षी गाडीत टाकून न्यायचा आणि परत आणायचा. त्यांचं आता काय करू, असं ती विचारत होती. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

मी म्हटलं, “त्या कुणाला देऊ नकोस. आमच्या आहेत.”